आत्याचा फ्रीज आणि शंभराच्या आतलं बिल

तर मंडळी, या वीकांताचा विषय फ्रीज. म्हणजे आमच्या आत्याचा फ्रीज. तो मालवणजवळच्या एका वाडीत, माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या दाराशेजारी उभा असतो आणि रात्री दहाला झोपतो. अक्षरशः. दहा वाजले की आत्या बटण बंद करते आणि सकाळी सहाला चहाचं आधण ठेवताना चालू करते. गेली कित्येक वर्षं.

मी लहानपणी याला हसायचो. इंजिनीअर झाल्यावर वाद घालायला लागलो. "अगं आत्या, फ्रीज चोवीस तास चालवण्यासाठीच असतो," या माझ्या वाक्याला तिचं ठरलेलं उत्तर, "आमी झोपतंव मां, मगे तोय झोपांदे." यावर काय बोलणार? मे २०२४ मध्ये सुट्टीला गेलो तेव्हा मात्र पूर्ण तयारीनिशी गेलो. प्लगमध्ये खोचायचा एक छोटा मीटर मिळतो, किती युनिट वीज गेली ते दाखवणारा. तीन दिवस फ्रीज अखंड चालवायचा, तीन दिवस आत्याच्या पद्धतीने, आणि आकडे तिच्यासमोर ठेवायचे असा बेत होता. (सुट्टीत लोक तारकर्लीला स्नॉर्केलिंग करतात. आम्ही हे करतो. असो.)

आकडे सांगतोच. पण ते नीट कळायला मला बराच इतिहास वाचावा लागला, आणि त्यात माझी थोडी फजितीही झाली. तेव्हा आधी इतिहास.

मालवणच्या किनाऱ्यावर मासा कधीच कमी नव्हता, कमी होता तो वेळ. रापण ओढून झाली आणि वाळूवर बांगड्याचा ढीग पडला, की पहिल्या मिनिटापासून घड्याळ सुरू. कोळीण पाटी डोक्यावर घेऊन जितकं अंतर चालू शकेल तितकाच ताज्या माशाचा बाजार. उरलेल्या माशाचं काय करायचं, याचं उत्तर शेकडो वर्षं एकच होतं: मीठ आणि ऊन. खारो बांगडो, गोलमो, सुकी सुंगटां. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद, म्हणून मे महिन्यात आगोटीची बेगमी करून ठेवायची. आगोट हा शब्द पुण्यातल्या मित्रांना सांगावा लागतो. पाऊस लागायच्या आधी घरात भरून ठेवायची जिन्नस म्हणजे आगोट. आमच्याकडे तो जवळजवळ सणच असतो.

यातलं ऊन फुकट, मीठ मात्र फुकट नव्हतं. मासा नीट खारवायचा तर तीन-चार किलो माशाला साधारण किलोभर मीठ लागतं. आणि इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. १८८२ मध्ये तो देशभर मणाला दोन रुपये ठरला, १८८८ मध्ये अडीच झाला. मण म्हणजे साधारण ३७ किलो. मीठ बनवायला येणाऱ्या खर्चाच्या कित्येक पट हा कर. स्वयंपाकात चिमूटभर मीठ घालणाऱ्याला तो सोसवेल, पण पोत्याने मीठ वापरणाऱ्या खारवणाऱ्याचं काय? सरकारलाही हे कळत होतं. म्हणून मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या किनाऱ्यावर मासे खारवण्याची खास सरकारी आवारं काढली गेली. तिथे खारवण्यापुरतं मीठ करमुक्त किंवा सवलतीत मिळे, आणि ते बाहेर जाऊ नये म्हणून आवारावर पहारा असे. मासा आत न्यायचा, तिथेच खारवायचा, बाहेर आणायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर सवलतीचा दर, पण वेगळ्या मीटरवर.

या कराचा शेवट आपल्याला दांडीमुळे माहीत असतो. पण दांडीनंतर महिन्याभराने, १२ मे १९३० ला, आमच्याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्याच्या खाली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. तिथली मिठागरं जुनी. (वि. स. खांडेकर त्या काळात शिरोड्याच्याच शाळेत मास्तर होते.) शाळेत हा सत्याग्रह आम्हाला स्वातंत्र्याच्या धड्यात होता, आणि ते बरोबरच आहे. पण किनाऱ्यावरच्या बाईच्या बाजूने बघितलं तर मिठाचा कर हा मासा टिकवण्यावरचा कर होता. तो १९४७ मध्ये गेला. मासा टिकवण्याचा खर्च मात्र गेला नाही, त्याने रूप बदललं.

ते दुसरं रूप बर्फाचं. बर्फाची गोष्ट इतकी अचाट आहे की मी ती ऑफिसात जेवताना चार वेळा तरी सांगितली असेल. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात बांधायचा आणि जहाजातून विकायला पाठवायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'तस्कनी' नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडून. पोहोचला तेव्हा जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढच्या वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ आला. जमशेदजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रात आली. गार खाऊन सर्दी होते हे आपल्या आयांचं मत तेव्हापासूनचं, आणि छापील पुराव्यासह :-)

पुढे यंत्राने बर्फ बनायला लागला आणि बॉस्टनची जहाजं बंद झाली. पण बर्फ आपल्या भाषेत राहून गेला. तुमच्या बेडरूममधला दीड टनाचा एसी आठवा. त्यातलं टन हे यंत्राचं वजन नाही. एक टन (अमेरिकन, म्हणजे २,००० पौंडांचा) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर टाकायची ताकद म्हणजे एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. मला हे कळलं तेव्हा मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती आणि दोन एसी विकत घेऊन झाले होते.

मालवणच्या बंदरात बर्फ आला तो यांत्रिक होड्यांच्या मागोमाग. होडी लांब जायला लागली, एकापेक्षा जास्त दिवस बाहेर राहायला लागली, तसा बर्फ डिझेलइतकाच गरजेचा झाला. कारखान्यातून निघालेली लादी, ती फोडायचं यंत्र, फोडलेल्या बर्फाचे आणि माशांचे थर. उकाड्याच्या मुलखात किलोभर माशाला जवळजवळ किलोभर बर्फ धरतात. त्यामुळे मालवणची सुरमई मुंबईला आणि गोव्याला ताजी पोहोचायला लागली, भाव चांगला आला, आणि खारवायला उरला तो छोटा, कमी भावाचा मासा. माझी आजी म्हणायची की पूर्वी घरात येणारी सुरमई आता फक्त लिलावात बघायला मिळते. ही तक्रार किनाऱ्यावरच्या प्रत्येक आजीची असावी.

मिठाचा काय किंवा बर्फाचा काय, खर्च करायचा तो मासा विकणाऱ्याने. तो किमतीत मिळवायचा आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसायचा. फ्रीज आला आणि टिकवण्याचा खर्च पहिल्यांदाच घरात आला, स्वतःच्या नावाच्या कागदावर, दर महिन्याला. हा फरक मला फार मोठा वाटतो. घरातली जी बाई फ्रीज चालवते, तीच बिलही बघते.

फ्रीजच्या आधी वीज यायला हवी, आणि कोकणातली विजेची गोष्ट म्हणजे दिव्याखालचा अंधार. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळायला लागली. पुढे कोयना. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी अडवायचं, सह्याद्रीतून बोगदा काढायचा आणि ते पश्चिमेला खाली कोकणात सोडायचं अशी ती भन्नाट कल्पना. १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. जनित्रं बसवली ती पोफळीला, चिपळूण तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. आमचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे महाराष्ट्राची सगळ्यात मोठी जलविद्युत आमच्याच जिल्ह्यात तयार होत होती आणि जाड तारांमधून ट्रॉम्बेला, मुंबईला जात होती. माझ्या आजोबांच्या वाडीत तेव्हा रॉकेलचे कंदील. चाकरमानी गिरणीत ज्या विजेवर मशीन चालवत होता, ती त्याच्याच मुलखातल्या डोंगरातून येत होती, आणि त्याची बायको गावी चिमणीच्या उजेडात त्याचं पत्र वाचून घेत होती. यात कोणाचं कारस्थान नव्हतं. गिरण्या मुंबईत होत्या, पैसा तिथे होता, आणि डोंगराळ मुलखात वाडीवाडीवर खांब उभे करणं महाग होतं. पण म्हणून बोच कमी होत नाही.

त्यात आणखी एक योगायोग. कोयनेचं ते पाणी वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळतं. आणि त्याच खाडीच्या तोंडाशी, गुहागर तालुक्यात, एन्‍रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये वीज मंडळाने महाग वीज घेणं थांबवलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत कंपनीचं दिवाळं वाजलं. एकाच नदीच्या वरच्या टोकाला राज्यातली स्वस्त वीज आणि खालच्या टोकाला महाग वीज. यावर वेगळा लेख होईल, तेव्हा पुढे जाऊ.

आत्याचं लग्न झालं तेव्हा तिच्या सासरी वीज नव्हती. नंतर दिवे आले, पंखा आला, मग टीव्ही. फ्रीज आला तो मुंबईहून.

भारतात फ्रीज बनायला लागला १९५८ मध्ये, गोदरेजच्या कारखान्यात. पुढची तीस-पस्तीस वर्षं फ्रीज ही सरकारी भाषेत चैनीची वस्तू होती, तिच्यावर जबर अबकारी कर, आणि १६५ लिटर हे मध्यमवर्गाचं ठरलेलं माप. लग्नात फ्रीज दिला तर गावभर चर्चा व्हायची. इतकी महाग वस्तू कोणी टाकून देत नाही. मग काय होतं? मुंबईतल्या घरात नवा फ्रीज येतो तेव्हा जुना गावी जातो. तुमच्याही घरात हे झालेलं असणार, आठवून बघा. ट्रकमध्ये जागा मिळाली की चादरीत गुंडाळलेला फ्रीज मुंबई-गोवा रस्त्याने खाली उतरतो. आत्याचा फ्रीजही असाच, माझ्या डोंबिवलीच्या काकांचा, नव्वदच्या दशकातला, १६५ लिटरचा. दाराचं रबर एकदा बदललेलं, मागच्या जाळीला खाऱ्या हवेने गंज. पण चालतो. "कंपनीन् चांगलो केलो हा," असं आत्या अभिमानाने सांगते.

आता जुना फ्रीज आणि नवा फ्रीज यांत फरक किती? इथे जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण फ्रीज किती वीज खातो याचा सगळ्यात चांगला हिशोब तिथे ठेवला गेला. युद्धानंतर तिथले फ्रीज दरवर्षी मोठे होत गेले, आपोआप बर्फ वितळवणारे हीटर त्यात आले, आतली जागा वाढवायला भिंती पातळ केल्या. वीज स्वस्त, विचारतो कोण! १९७० च्या दशकाच्या मध्याला सरासरी अमेरिकन फ्रीज वर्षाला सुमारे १,८०० युनिट खात होता. मग १९७३ चं तेलसंकट आलं. एन्‍रिको फर्मीचा विद्यार्थी असलेला आर्थर रोझेनफेल्ड नावाचा भौतिकशास्त्रज्ञ कणांचा अभ्यास सोडून विजेच्या उधळपट्टीच्या मागे लागला. फ्रीजला किमान कार्यक्षमतेचा नियम लावला तर नवी वीजकेंद्रं टाळता येतील, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या सरकारला पटवलं. तिथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नियम आले, मग देशभर आले, आणि ते दर काही वर्षांनी कडक होत गेले. २००१ च्या नियमापर्यंत सरासरी फ्रीज ५०० युनिटांच्या आसपास आला. आकार वाढूनही. गंमत म्हणजे यात कुठलाही मोठा शोध नव्हता. जाड भिंत, चांगला कंप्रेसर, नीट बसणारं रबर. आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात, आणि मॅनेजरला ते कधीच पटत नाही.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला, आणि २००६ मध्ये चांदण्यांची लेबलं सुरू झाली. शोरूममध्ये आपण चांदण्या मोजतो आणि पुढे जातो, पण त्या लेबलवर वर्षाला किती युनिट हा आकडाही असतो. तो बघा. सारा प्रकार त्या आकड्यात आहे. लहान, एक दाराचा, बऱ्यापैकी चांदण्यांचा नवा फ्रीज दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास बसतो. त्या अर्ध्या युनिटात तो साधारण पाऊण युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे रोज आठ किलो बर्फाचं काम. तस्कनी जहाजाने कलकत्त्याला पोहोचवलेला तो सगळा बर्फ म्हणजे अशा एका फ्रीजची जवळजवळ पस्तीस वर्षांची कामगिरी.

आता माझा मीटर. आत्याचा फ्रीज अखंड चालवला तेव्हा दिवसाची सरासरी आली १.४२ युनिट. रात्री बंद ठेवला तेव्हा १.२४. फरक ०.१८.

हा फरक इतका कमी का? होडीला बारीक भोक आहे असं समजा. फ्रीज म्हणजे पाणी उपसणारा खलाशी. भिंतींमधून, रबराच्या फटीतून उष्णता आत झिरपत राहते आणि तो ती उपसत राहतो. रात्री खलाशी झोपला तरी भोक झोपत नाही. सकाळी साचलेलं सगळं उपसावंच लागतं. बचत होते ती एवढीच, की होडी भरत जाते तसं बाहेरचं पाणी जरा सावकाश आत येतं. म्हणून आठ तास, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, बंद ठेवूनही बचत फक्त तेरा टक्के. शिवाय मालवणातली मे महिन्यातली रात्र म्हणजे काही पुण्याची रात्र नव्हे. गच्च दमट हवा, पंख्याखालीही घाम. दार उघडलं की ती दमट हवा आत जाते, तिचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, आणि त्याची मजुरीही फ्रीजनेच भरायची.

मी खूश. महिन्याला फक्त ५.४ युनिट! वहीत मांडणी केली. वीज नियामक आयोगाने २०२४-२५ साठी ठरवलेला महावितरणचा घरगुती दर पहिल्या शंभर युनिटांना ४.७१ रुपये, त्यावर वहन आकार १.१७, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे युनिटला ६.८२ रुपये. (इंधन समायोजन सोडून दिलंय, स्थिर आकार फ्रीज असो-नसो भरावाच लागतो. चूभूद्याघ्या.) महिन्याला बचत ३७ रुपये. "आत्या, सदतीस रुपयांसाठी तू रोज हा उद्योग करतेस?"

आत्या काही बोलली नाही. उठली, खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यात बिलं. वर्षभराची, तारखेने लावलेली. मी युनिटांचा रकाना बघत गेलो. ९७. ९४. ९९. ९६. ९८. बारातली नऊ बिलं शंभराच्या आत, आणि जी तीन बाहेर गेली ती गणपतीची, दिवाळीची आणि आम्ही पाहुणे आलो त्या महिन्याची.

"शंभराच्या वर गेला काय बिल उडी मारता, म्हायत आसा तुका?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे दर टप्प्याटप्प्याने वाढतात हे माहीत होतं, पण माझं पुण्यातलं बिल दोनशे चाळीसच्या आसपास येतं आणि आपोआप भरलं जातं. १०१ ते ३०० च्या टप्प्याचा दर १०.२९. वहन आकार आणि शुल्क धरून १३.२९. जवळजवळ दुप्पट. ज्या महिन्यात आत्याचं बिल ९७ आलं, त्या महिन्यात फ्रीज रात्रभर चालला असता तर ते १०२ च्या वर गेलं असतं, आणि त्या साडेपाच युनिटांचे ३७ नाही, ५२ रुपये झाले असते. रक्कम फार मोठी नाही हे खरं. पण मला धक्का रकमेचा नव्हता. मी तिला अडाणी सवय समजत होतो आणि ती टप्प्याच्या कडेवर गाडी चालवत होती, वर्षानुवर्षं, मीटरशिवाय. टीव्ही कधी बंद करायचा, पंप किती मिनिटं, फ्रीज कधी झोपवायचा, हे सगळं त्या शंभरासाठी.

मग मी दुसरा मुद्दा काढला. नवा फ्रीज घेऊ या, मी देतो पैसे, दिवसाला अर्धा युनिट खाईल. बचत महिन्याला २७-२८ युनिट. तिच्या दराने १८८ रुपये. पंधरा हजारांचा फ्रीज वसूल व्हायला साडेसहा वर्षं. तोच हिशोब माझ्या पुण्याच्या दराने केला तर ३६७ रुपये महिना, साडेतीन वर्षांच्या आत वसूल. म्हणजे गंमत बघा. गरिबाला परवडावं म्हणून ठेवलेला स्वस्त टप्पा, जो असायलाच हवा, तोच जुन्या खादाड फ्रीजला आसरा देतो. शहरातून निवृत्त झालेला, सगळ्यात जास्त वीज खाणारा फ्रीज सगळ्यात कमी कमाईच्या घरात जातो, आणि तिथे त्याला हाकलून देणं हिशोबाने सोपं जात नाही. माझा पुण्याचा मोठा फ्रीज दिवसाला पाऊण युनिटाच्या आत खातो, आत्याचा त्याच्या दुप्पट. पण दोघांचं महिन्याचं बिल जवळपास सारखंच, पावणेतीनशेच्या आसपास! शिवाय पैसे मी देणार म्हटल्यावर आत्याचा चेहरा बदलला तो वेगळाच. तो विषय मी तिथेच सोडला.

एक भीती मात्र मला खरीच होती आणि ती बिलाची नव्हती. बांगडा, तारली, कुपा असल्या माशांत उष्णतेने हिस्टमिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, आणि मग अंगावर गांधी उठतात, डोकं भणभणतं. रात्रभर बंद फ्रीजमध्ये बांगडा म्हणजे आगाऊपणाच. हे मी सांगितलं तेव्हा आत्या मनापासून हसली. "फ्रीजातलो बांगडो? तो खावचो कोणी?" तिच्या फ्रीजमध्ये मासा नसतोच. सकाळी आणलेला मासा दुपारी संपतो, उरला तर मीठ लावून उन्हात जातो. फ्रीजमध्ये दूध, ताक, खोवलेलं खोबरं, आगळाची बाटली. मासा आत जातो तो फक्त आमच्यासाठी. आम्ही पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सुरमईचे तुकडे बर्फाच्या कप्प्यात जातात, थर्माकोलच्या डब्यात भरायला. आणि त्या रात्री फ्रीज बंद होत नाही. मी इतक्या वर्षांत हे कधी पाहिलंच नव्हतं.

विजेवर किती विसंबायचं हे किनाऱ्याने अनुभवाने ठरवलेलं आहे. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. आपण शहरात तास-दोन तासांनी वैतागायचो, गावात फ्रीज हे अर्धा दिवस बंद राहणारं कपाटच होतं. रात्री बटण बंद करायची सवय तेव्हा आणखी पक्की झाली, कारण वीज जाते-येते तेव्हाचा व्होल्टेजचा झटका कंप्रेसर जाळतो हे शेजारच्या घरात बघितलेलं. आणि मग १६ मे २०२१. तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. माड, आंबे, घरांची कौलं आणि विजेचे खांब, सगळं आडवं. आत्याच्या वाडीत नऊ दिवस वीज नव्हती. फोनही लागत नव्हता, तो पाचव्या दिवशी लागला. मी विचारलं, खायला काय आहे? गोलमो आसा, खारो बांगडो आसा, तांदूळ आसत, असं म्हणाली. आगोटीची बेगमी नुकतीच भरून झाली होती. फ्रीज तिने पहिल्याच दिवशी रिकामा करून, पुसून, दार उघडं टाकून ठेवला होता.

तर २०२४ च्या त्या सुट्टीतल्या शेवटच्या दिवशी मी मीटर बॅगेत भरत होतो. आत्या म्हणाली, "झिला, ह्या तुझा यंत्र त्या टीव्हीच्या डब्याक लाव बघूया."

लावलं. टीव्ही बंद, फक्त सेट-टॉप बॉक्सचा लाल दिवा चालू. दहा वॅट. मालिका बघायचे चार तास सोडले तर तो उरलेले वीस तास नुसताच जागा असतो. वीस तासांचे ०.२ युनिट. फ्रीज झोपवून वाचतं त्यापेक्षा किंचित जास्तच.

आत्याने आकडा दोनदा विचारून घेतला. त्या रात्री मालिका संपल्यावर तिने डब्याचं बटण भिंतीतून बंद केलं आणि फ्रीजपाशी जाऊन उभी राहिली. आत आमची सुरमई होती, त्यामुळे तो तसाही चालूच राहणार होता. मी निघाल्यावर काय ठरलं ते दिवाळीत फोनवर विचारलं. त्या महिन्याचं बिल ९३ आलं होतं. दोन्ही बंद ठेवते, म्हणाली.

मी इकडे पुण्यात आमचा राउटर, दोन सेट-टॉप बॉक्स आणि ऑफिसचा डॉक मोजायला घेतलाय. आकडे अजून सांगण्यासारखे नाहीत.